दाबोळी ते दीव : अंतर तेच, वाट वेगळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा माझ्या भाच्याने मला विचारले, “मामू, गोव्याहून दीवला विमानाने किती वेळ लागत असेल?” त्याला मित्रांबरोबर सहलीला जायचे होते. मी म्हटले, आधी अंतर काढू, मग वेळ काढू. शाळेतला नकाशासंग्रह अजून घरात आहे. तो उघडला, फूटपट्टी घेतली आणि मामा-भाचे गणिताला बसलो.

गणित तसे सोपे आहे. गोव्यातली दाबोळी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १५.४ अंशांवर, तर दीव २०.७ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दाबोळीहून दीव उत्तरेला ५९० किलोमीटर झाले. शिवाय ते पश्चिमेलाही आहे, जवळजवळ ३०० किलोमीटर. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण इथे कामाला येतो. तिरकी बाजू काढली की उत्तर मिळते, सुमारे ६७० किलोमीटर. दाबोळी ते दमण याच रीतीने सुमारे ५७० भरते. आणि दमण ते दीव, खंबातच्या आखाताचे तोंड ओलांडून, अवघे २०० किलोमीटर.

वेळ काढणेही अवघड नाही. आजचे पंख्यांचे छोटे प्रवासी विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. ६७० ला ५०० ने भागा, त्यात उड्डाणाची, वर चढण्याची आणि खाली उतरण्याची मिनिटे मिळवा. पावणेदोन तासांत माणूस दाबोळीहून दीवला पोचायला हरकत नाही.

भाचा खूष झाला आणि उठून गेला. मी मात्र नकाशाकडे बघत बसलो. कारण या सरळ रेषेचा इतिहास मला थोडाफार ठाऊक होता. तो फूटपट्टीत मावणारा नव्हता. आज तोच सांगायचा आहे.

गोवा, दमण आणि दीव ही तीन नावे आपण लहानपणापासून एका दमात म्हणत आलो. पाढ्यासारखी. पण ही तीन ठिकाणे एकत्र आली कशी? दीव काठेवाडच्या टोकाला, दमण दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर, आणि गोवा आपल्या सिंधुदुर्गाच्या खाली. भाषा वेगळ्या, पाणी वेगळे, जेवण वेगळे. त्यांना बांधणारा धागा एकच होता, तो म्हणजे पोर्तुगीजांची जहाजे. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतले. १५३५ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी करार करून पोर्तुगीजांनी दीवचा किल्ला बांधायला घेतला. १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आले. ज्याच्याकडे समुद्र आहे त्याला मधल्या जमिनीची गरज नसते, हे त्या साम्राज्याचे सूत्र होते. गोव्यातून शीड उभारायचे आणि वारा अनुकूल असला की दीवला जायचे. मध्ये कोणाचे राज्य आहे, आदिलशहाचे, निजामशहाचे की गुजरातच्या सुलतानाचे, याची फिकीर नाही.

पण समुद्रालाही स्वतःचे कायदे असतात. पावसाळ्यात तो वाट बंद करतो. १५४६ साली गुजरातच्या फौजेने दीवला वेढा घातला. वेढा ऐन पावसाळाभर चालला. गोव्यात बसलेला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा मुलगा फर्नांदो दीवच्या तटावर लढत होता. मुलगा तिथेच मारला गेला. पावसाळा सरल्यावर बाप मोठे आरमार घेऊन पोचला आणि नोव्हेंबरात वेढा उठला. किल्ला तर पार ढासळला होता. तो पुन्हा बांधायला पैसा हवा होता, आणि पैसा होता गोव्यात. तेव्हा कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले. तारण म्हणून मुलाची हाडे पाठवावीत असे त्याच्या मनात होते, पण ते शक्य झाले नाही, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस कापून पाठवले, असे सांगतात. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही सन्मानाने परत केले.

ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात अंतर दिसते. ६७० किलोमीटरच्या एका टोकाला मुलगा आणि दुसऱ्या टोकाला बाप. मध्ये चार महिन्यांचा पाऊस. तटावरच्या पोर्तुगीज बापाचे दुःख आणि तटाबाहेर पडलेल्या गुजराती शिपायाच्या बापाचे दुःख यांत मला फरक करता येत नाही. दोघांनाही बातमी उशिराच कळली असणार.

पुढे चारशे वर्षे गेली. जगात बरेच काही बदलले. गोव्यात आगगाडी आली. मुरगाव बंदरापासून दूधसागराचा घाट चढून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात सुरू झाला आणि गोवा उरलेल्या हिंदुस्थानला जोडले गेले. आता मुरगावचा माणूस आगगाडीने मुंबईला जाई, तिथून दुसऱ्या गाडीने दमणजवळच्या वापीला उतरे. समुद्राचे महत्त्व कमी झाले. तिन्ही ठिकाणांना जोडणारा खरा धागा आता ब्रिटिश हिंदुस्थानातले रूळ आणि रस्ते होते. सीमा होती, नाके होते, जकात होती, पण माणूस जात-येत होता. आमच्या बांद्याचा माणूस डिचोलीच्या बाजाराला जाई, तिकडचा माणूस सावंतवाडीला येई. सोयरिकी होत. मुलगी ‘गोव्यात दिली’ म्हणजे परदेशात दिली असे कोणाला वाटत नसे.

१९४७ साली इंग्रज गेले. पोर्तुगीज गेले नाहीत. लिस्बनमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इथून पुढे या गोष्टीतला नकाशा बदलू लागतो. खरे म्हणजे नकाशा तोच राहतो, वाटा बदलू लागतात.

सुरुवात झाली ती दमणपासून थोड्याच अंतरावर. दमणच्या आत, चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे पोर्तुगीजांकडे होते. दमणहून तिथे जायचे तर भारताच्या भूमीवरून काही किलोमीटर जावे लागे. जुलै १९५४ मध्ये दादरा स्वयंसेवकांनी मुक्त केले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या तुकडीत आपले गायक-संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी माणसाला अभिमानाने ठाऊक आहे. भारताने दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि शिपायांना आपल्या भूमीवरून तिकडे जाऊ दिले नाही. हाकेच्या अंतरावरचा आपला मुलूख पोर्तुगीजांना एकाएकी गाठता येईना. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आम्हाला जाण्याचा हक्क आहे, असा त्याचा दावा होता. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान यांच्यासाठी पोर्तुगालला जाण्याचा हक्क होता, सशस्त्र फौजेसाठी मात्र नव्हता, आणि भारताने जे केले त्यात कर्तव्यभंग झाला नाही, असे न्यायालयाने सांगितले. वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाटेचा वाद चार वर्षांहून अधिक काळ चालला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. आमच्या बांद्याजवळच्या पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नेलसिंग पडला. कुठे पंजाब आणि कुठे पत्रादेवी! यानंतर भारताने सीमा बंद केल्या. रूळ ओस पडले, कॅसलरॉकची गाडी थांबली. माल जाईना, पैसे जाईनात, माणसे जाईनात.

इथे थोडे घरचे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझी नानी बांद्याची. तिची थोरली बहीण डिचोलीला दिलेली. दोन्ही गावांत साधारण तीस किलोमीटरचे अंतर. नानीला किलोमीटर ठाऊक नव्हते. ती सांगे, “फजरची नमाज पढून निघालं की असरला आक्काच्या दारात.” पहाटेच्या नमाजापासून दुपार कलण्याच्या नमाजापर्यंतचा हा प्रवास. वाटेत एक ओहोळ, दोन चढ, आणि दोडामार्गाला पाणी प्यायला थांबायचे. वर्षातून दोनदा ती जाई. सोबत आमसुले आणि सुक्या मासळीची पुरचुंडी असे.

१९५५ नंतर ती वाट बंद झाली. परवाने मिळत होते म्हणतात. पण परवाना मागायचा कुठे, त्याला कागद कोणते लागतात, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. १९५७ च्या पावसाळ्यात डिचोलीची खाला वारली. बातमी बांद्याला पोचली ती दोन महिन्यांनी, रानातून चोरवाटेने आलेल्या एका माणसाच्या तोंडून. तीस किलोमीटर आणि दोन महिने. कास्त्रोच्या काळात दीवहून गोव्याला निरोप याहून लवकर पोचत असावा.

नानी कोणाला दोष देत नसे. गोवा सुटले पाहिजे, असे तिलाही वाटे. पत्रादेवीला जखमी झालेली माणसे तिने बांद्यात आणलेली पाहिली होती. ती एवढेच म्हणे, “सुटायचं ते सुटू दे, पण बहिणीच्या मातीला तरी पोचू द्यायचं होतं.”

आता त्याच वर्षी आकाशात काय चालले होते ते पाहा.

जमीन बंद झाल्यावर पोर्तुगीजांनी आपला जुना समुद्राचा धडा नव्याने गिरवला. या वेळी जहाजांच्या जागी विमाने आली. दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. त्याला पुढे नाव दिले गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदेश यांचे. दमणला आणि दीवला धावपट्ट्या तयार झाल्या. १९५५ मध्येच पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी निघाली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टी.ए.आय.पी. म्हणत. पुढे तिच्याकडे मोठी विमानेही आली, पण सुरुवातीच्या काळातले तिचे छोटे विमान होते दे हॅविलंड कंपनीचे हेरॉन. चार लहान इंजिने आणि पंधरा-सतरा माणसांची जागा. ते जेमतेम ताशी २९० किलोमीटरने जाई. ६७० भागिले २९०. म्हणजे दाबोळी ते दीव सव्वादोन तासांच्या थोडे वर.

पण हे झाले सरळ रेषेचे गणित, आणि सरळ रेषेतच तर अडचण होती.

१९४४ साली शिकागोला जगातल्या देशांनी विमान वाहतुकीचा एक करार केला. त्याचे पहिलेच कलम असे आहे, की प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकट्याची सत्ता असते. जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाश त्याचे. आता नकाशात दाबोळी आणि दमण यांना जोडणारी रेषा काढून पाहा. मी काढली आणि थक्क झालो. ती कुडाळवरून जाते. लांजा, खेड, माणगाव करत पनवेलला येते. पुढे भिवंडीवरून वर सरकत दमणला पोचते. म्हणजे जवळजवळ आपला मुंबई-गोवा महामार्गच! अख्ख्या कोकणाच्या डोक्यावरून जाणारी ही वाट. ते आकाश भारताचे, आणि पोर्तुगीज विमानांना ते बंद. दीवची रेषा त्या मानाने सोयीची. ती वेंगुर्ले-मालवणचा किनारा घासून समुद्रावर जाते आणि मुंबईपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला राहते.

तेव्हा विमानांनी काय करायचे? दाबोळीहून उठायचे ते थेट पश्चिमेला तोंड करून. जमीन मागे टाकून खुल्या समुद्रावर जायचे, मग उत्तरेला वळायचे, आणि दमणच्या समोर आल्यावर पुन्हा किनाऱ्याकडे वळायचे. या वळशाने शंभर किलोमीटर वाढले असे धरले, तर हेरॉनला वीस मिनिटे जास्त लागणार. प्रवाशाने उजवीकडच्या खिडकीतून पाहिले तर दूरवर किनाऱ्याची निळसर रेघ दिसली असेल. त्या रेघेवर वेंगुर्ले, मालवण, देवगड, रत्नागिरी. चारशे वर्षांपूर्वी गलबतावरून जशी दिसली असेल तशीच.

वीस मिनिटांचा वळसा म्हणजे काही फार नव्हे. माझ्या मनात घर करून राहिले ते वेगळेच. ज्या वर्षी माझ्या नानीला तीस किलोमीटरवरच्या बहिणीकडे जाता येत नव्हते, त्याच वर्षी दाबोळीहून निघालेला पोर्तुगीज अधिकारी न्याहारी करून दुपारच्या जेवणाला दीवला पोचू शकत होता. त्याची वाट बंद झाली तेव्हा त्याच्या सरकारने त्याला दुसरी काढून दिली. नानीला दुसरी वाट नव्हती.

विमानांनी आणि जहाजांनी कोंडी काही प्रमाणात फुटली, पण ती महागात पडली. शेजारचा बेळगावचा भाजीपाला बंद झाला, घाटावरचे धान्य बंद झाले. मग गोव्यात बटाटा हॉलंडहून येऊ लागला, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून. बेळगाव दाबोळीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, आणि कराची विमानाच्या रेषेतही १२७० किलोमीटरवर. पण गोव्याला जवळचे झाले ते कराची. बाहेरच्या जगाकडे जाणारा दरवाजा तोच. जवळ काय आणि लांब काय, हे अशा वेळी फूटपट्टी ठरवत नाही. कोणाशी बोलणे चालू आहे आणि कोणाशी बंद, त्यावर ते ठरते.

या वाटेचा शेवटही विमानतळावरच झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. ‘ऑपरेशन विजय’ हे तिचे नाव. हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विंग कमांडर एन. बी. मेनन पहिल्या तुकडीच्या पुढे होते. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नाही, असे वैमानिकांना सांगितलेले होते. त्यामुळे तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने बचावली. एक लिस्बनच्या कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरे टी.ए.आय.पी.चे. त्या रात्री धावपट्टीवरचे खड्डे घाईघाईने बुजवण्यात आले. काळोखात, उरलेल्या आखूड धावपट्टीवरून ती दोन्ही विमाने उठली आणि पाण्याला जवळ धरून कराचीकडे निघून गेली. त्यांतून काही अधिकाऱ्यांची कुटुंबेही गेली. नेहमीचीच समुद्रावरची वाट, पण परत न येण्याची. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. दमण आणि दीवही मुक्त झाले. टी.ए.आय.पी.ची गोव्यातली उड्डाणे संपली. दाबोळी पुढे आपल्या नौदलाकडे आले.

आता गंमत अशी, की आकाश मोकळे झाले आणि विमान गेले. गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. राजधानी पणजी. विधानसभेत तीस आमदार, त्यांतले अठ्ठावीस गोव्याचे, एक दमणचा आणि एक दीवचा. कुडाळ-खेड-पनवेलवरची सरळ रेषा आता कोणालाही वापरता आली असती. पण दीवच्या माणसाला पणजीला यायचे तर आधी देलवाड्याला मीटर गेज गाडीत बसायचे, सौराष्ट्र ओलांडायचा, गाड्या बदलत मुंबईला यायचे, आणि तिथून आगबोट किंवा एसटी धरायची. आमच्या ओळखीतले एक शिक्षक दीवला बदली होऊन गेले होते. ते सांगत, “दिवाळीची सुट्टी वीस दिवसांची, त्यातले सहा वाटेत जायचे.” नुसत्या दमण आणि दीवमध्येच पाहा. आकाशातून २०० किलोमीटर, पण रस्त्याने आखाताला वळसा घालून सुरत, बडोदे, भावनगर करत जायचे तर सहाशेच्या वर. पोर्तुगीजांच्या दोन तासांचे आपल्या स्वराज्यात तीन दिवस झाले, असे कोणी चेष्टेने म्हणेल. पण ती चेष्टा अर्धी खरी आहे. ते विमान मूठभरांसाठी होते. मीटर गेजची गाडी सर्वांसाठी होती. तिच्यात माझ्या नानीसारखी बाईही विचारल्याशिवाय, परवान्याशिवाय बसू शकत होती. वेळ मोजताना तो कोणाचा वेळ, हेही विचारावे लागते.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात जायचे की नाही हे ठरवले, आणि दमण-दीवनेही गुजरातेत न जाण्याचे ठरवले. इतक्या लांबच्या पणजीशी नाते ठेवणे त्यांनी पत्करले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले आणि चार शतकांची ती जोडी सुटली. पुढे २६ जानेवारी २०२० पासून दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या दमण-सिल्वासा वाटेसाठी हेगला चार वर्षांहून अधिक काळ वाद झाला, ती आता एकाच प्रशासनाखालची रोजची वाट आहे. हेगचा निकाल ठाऊक नसलेली माणसे तिच्यावरून कामाला जातात. जुन्या एकत्रपणाची एक खूण मात्र राहिली आहे. गोव्याचे आणि त्या प्रदेशाचे उच्च न्यायालय एकच आहे, मुंबईचे.

आता माझ्या नानीच्या वाटेचे सांगून थांबतो. जानेवारी १९६२ मध्ये ती डिचोलीला गेली. फजरला निघाली आणि असरला पोचली. वाट तेवढीच होती, तिला तेवढाच वेळ लागला. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून ती बाहेरच्या गडग्याशी उभी राहिली आणि तिथूनच तिने बहिणीसाठी दुवा मागितली. नंतर घरी गेली. खालाची धाकटी मुलगी दारात होती. नानीने तिला शेवटची पाहिली तेव्हा ती चार वर्षांची होती, आता दहाची झाली होती. तिने आत वळून हाक दिली, “अब्बा, कोणतरी बाई आलीय.” नानी हे सांगताना दर वेळी इथेच थांबायची. पुढचे आम्ही कधी विचारले नाही.

बांद्यापासून जवळच, पत्रादेवीच्याच पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठारावर डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आमच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला होता. या दोन विमानतळांमधले सरळ अंतर काढून पाहिले, तर ते पन्नास किलोमीटरही भरत नाही. मध्ये सीमा आहे, पण ती कुठे लागते हे दुकानांच्या पाट्यांवरूनच ओळखायचे. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे उभे राहिले की मोपाच्या विमानांचा आवाज ऐकू येतो. हद्द ओलांडली म्हणून जिथे माणूस मारला गेला, तिथून आज एसटी, रिक्षा, लग्नाची वऱ्हाडे दिवसभर जा-ये करत असतात. कोणी थांबवत नाही.

भाच्याला मी नंतर फोन केला. म्हटले, तुला मी पावणेदोन तास सांगितले ते बरोबर आहे, पण उत्तर अर्धेच आहे. तो म्हणाला, “मग पूर्ण उत्तर काय?” मी म्हटले, सहलीहून आलास की बांद्याला ये, डिचोलीपर्यंत पायी जाऊ. फजरला निघू. असरला पोचलो तर समज, वाट अजून उघडी आहे.